तपासणीची जागा आणि लॉकची मुदत

दुसऱ्या संगणकाच्या डिस्कवर असलेली फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी उघडता, वाचता आणि बदलता यावी, आणि त्यासाठी वापरणाऱ्याला किंवा त्याच्या प्रोग्रामला काहीही नवीन शिकावे लागू नये, या हेतूने सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीत १९८४ च्या सुमारास जी व्यवस्था उभी राहिली, तिला नेटवर्क फाइल सिस्टिम, संक्षेपाने एनएफएस, असे नाव मिळाले. तिच्या रचनेचे वर्णन करणारा सँडबर्ग, गोल्डबर्ग, क्लायमन, वॉल्श आणि लायन यांचा निबंध १९८५ मध्ये युसेनिक्सच्या परिषदेत सादर झाला. पुढे तिच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम १९८९ मध्ये आरएफसी १०९४ या दस्तऐवजात, तिसरीचे १९९५ मध्ये आरएफसी १८१३ मध्ये आणि चौथीचे २००० मध्ये आरएफसी ३०१० मध्ये प्रसिद्ध झाले. या आवृत्त्यांचा इतिहास अन्यत्र सविस्तर उपलब्ध असल्यामुळे येथे त्याचा विस्तार केलेला नाही. पुढील विवेचनाचा विषय अधिक अरुंद आणि अधिक खोल आहे : लिनक्स कर्नलमधील एनएफएस सर्व्हरचा कोड, आणि त्या कोडला प्रत्येक विनंतीच्या वेळी विचारावे लागणारे दोन प्रश्न. ज्या डिरेक्टरीत बदल करायचा आहे तिच्यात याच क्षणी दुसरे कोणी बदल करीत नाही ना, हा पहिला; आणि विनंती करणाऱ्याला तो बदल करण्याचा अधिकार आहे ना, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर लॉकने दिले जाते, दुसऱ्याचे परवानगीच्या तपासणीने.

हे दोन प्रश्न पाठ्यपुस्तकांत बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. लॉकचा विचार समांतर प्रक्रियांच्या संदर्भात होतो, तर परवानगीचा विचार सुरक्षिततेच्या. प्रत्यक्ष कोडमध्ये मात्र त्यांना वेगळे करता येत नाही. परवानगी तपासली गेली तेव्हा मिळालेले उत्तर त्या क्षणापुरतेच खरे असते, आणि त्यानंतर प्रत्यक्ष काम होईपर्यंत ते खरे राहील याची हमी फक्त मध्यंतरी धरलेला लॉकच देऊ शकतो. लॉकबाहेर केलेली तपासणी म्हणूनच निर्णय नव्हे, अंदाज असतो. कोडमधील कोणती तपासणी काढून टाकता येईल आणि कोणता लॉक लवकर सोडता येईल, या दोन्हींचा निकाल याच एका नात्यावरून लागतो, आणि ते नाते दृष्टिआड झाले की सुलभीकरणाच्या नावाखाली केलेला बदल किती महागात पडतो याचे एक अस्सल उदाहरण पुढे येणार आहे.

प्रथम शब्दांची फोड करणे आवश्यक आहे, कारण ‘लॉक’ हा शब्द एनएफएसच्या संदर्भात दोन अगदी भिन्न अर्थांनी वापरला जातो. एखादा प्रोग्राम ‘या फाइलचा अमुक भाग मी लिहीत आहे, तोवर इतरांनी थांबावे’ असे जाहीर करतो तो फाइल-लॉक होय. तिसऱ्या आवृत्तीपर्यंत त्यासाठी एनएलएम नावाची स्वतंत्र व्यवस्था होती आणि चौथ्या आवृत्तीत ती मूळ नियमांतच सामावली गेली. येथे प्रामुख्याने अभिप्रेत आहे तो दुसरा अर्थ, म्हणजे कर्नलचे एकाच वेळी चालणारे अनेक थ्रेड एकाच आयनोडवर तुटून पडू नयेत म्हणून कर्नल स्वतःपुरता धरतो तो लॉक. आयनोड म्हणजे फाइलची किंवा डिरेक्टरीची कर्नलमधील नोंद. तिच्यात मालक, परवानग्या, आकार, बदलाच्या वेळा इत्यादी माहिती असते. या नोंदीचा लॉक पूर्वी सेमाफोर प्रकारचा होता, २००६ मध्ये तो म्युटेक्स झाला, आणि २०१६ मध्ये ४.७ या आवृत्तीत वाचणाऱ्यांना एकत्र आणि लिहिणाऱ्याला एकट्याला प्रवेश देणारा वाचन-लेखन लॉक झाला. डिरेक्टरीत नाव शोधण्याचे काम अनेकांना एकाच वेळी करता येऊ लागले ते या शेवटच्या बदलामुळे.

दुसरी संज्ञा व्हीएफएस, अर्थात आभासी फाइल प्रणाली. ईएक्सटी४, एक्सएफएस, बीटीआरएफएस अशा निरनिराळ्या फाइल प्रणाली डिस्कवर निरनिराळ्या तऱ्हेने माहिती ठेवतात, परंतु प्रोग्रामला त्यांतील फरक जाणवू नये म्हणून कर्नलमध्ये त्यांच्यावर एक समान थर असतो. या कल्पनेची मुळे सन कंपनीतच आहेत. स्टीव्ह क्लायमन यांनी १९८६ मध्ये मांडलेली व्हीनोडची रचना एनएफएसला जागा करून देण्याच्या गरजेतूनच आली होती. लिनक्समध्ये फाइल तयार करणे, नाव बदलणे, फाइल काढून टाकणे या प्रत्येक कामासाठी व्हीएफएसचा एकेक फंक्शन-दरवाजा आहे, आणि त्या दरवाजातच परवानगीची तपासणी बसवलेली आहे. स्थानिक प्रोग्रामने फाइल काढून टाकण्याची मागणी केली तर कर्नल तिचा मार्ग उलगडतो, ती फाइल ज्या डिरेक्टरीत आहे तिचा लॉक घेतो, त्या लॉकखाली शेवटचे नाव शोधतो आणि मग व्हीएफएसचा दरवाजा ठोठावतो. दरवाजातली तपासणी लॉक धरलेला असतानाच होते, आणि ती उत्तीर्ण झाली तरच खालच्या फाइल प्रणालीला काम सोपवले जाते.

एनएफएस सर्व्हर याच दरवाजांशी येतो, परंतु वेगळ्या वाटेने. १९९९ च्या जानेवारीत आलेल्या २.२ या आवृत्तीपासून हा सर्व्हर कर्नलच्या आतच राहतो; त्याचे काही थ्रेड, ज्यांची प्रचलित संख्या वर्षानुवर्षे ८ होती, विनंत्यांची वाट पाहत असतात. क्लायंटकडून येते ते मार्गाचे नाव नव्हे, तर फाइल-हँडल, म्हणजे सर्व्हरनेच पूर्वी दिलेला, क्लायंटला न उलगडणारा बाइटांचा एक तुकडा. एनएफएसच्या पहिल्या आवृत्त्या मुद्दाम स्मृतिहीन ठेवलेल्या होत्या. सर्व्हर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी क्लायंटने तीच विनंती पुन्हा पाठवावी आणि काम पुढे चालावे, यासाठी कोणी कोणती फाइल उघडली आहे याची नोंद सर्व्हर ठेवीतच नसे. परिणामी प्रत्येक विनंती म्हणजे प्रथमच भेटणारा अनोळखी माणूस, आणि त्याची ओळख, त्याने आणलेल्या हँडलचा खरेपणा आणि त्याचा अधिकार ही सगळी चौकशी प्रत्येक वेळी नव्याने.

ही चौकशी करणाऱ्या फंक्शनचे नाव एफएच_व्हेरिफाय असे आहे, आणि सर्व्हरच्या कोडमध्ये त्याच्याइतके वारंवार भेटणारे दुसरे नाव क्वचितच सापडेल. हँडलवरून ते आयनोड शोधते. ज्या भागातून ती फाइल बाहेरच्यांसाठी खुली, म्हणजे निर्यात, केली आहे त्याचे नियम या क्लायंटला लागू होतात का ते पाहते. क्लायंटने सांगितलेली वापरकर्त्याची ओळख थ्रेडला चढवते, आणि त्यातच रूट वापरकर्त्याला सर्वाधिकार न देता ६५५३४ या क्रमांकाच्या ‘कोणीही नाही’ अशा वापरकर्त्यात बदलते. वस्तू अपेक्षित प्रकारची, म्हणजे डिरेक्टरी हवी तेथे डिरेक्टरीच, आहे याची खात्री करते. आणि शेवटी मागितलेल्या कामाची परवानगी तपासते. यांपैकी पहिल्या सर्व पायऱ्या फक्त एनएफएस सर्व्हरच करू शकतो, कारण निर्यातीचे नियम किंवा रूटचे अवमूल्यन या गोष्टी व्हीएफएसला ठाऊकच नाहीत. शेवटची पायरी मात्र व्हीएफएसच्या दरवाजात पुन्हा होते. फाइल तयार करण्याच्या विनंतीत डिरेक्टरीत लिहिण्याचा अधिकार आहे का, हे एफएच_व्हेरिफाय २०१६ पर्यंत लॉकबाहेर विचारत असे आणि काही ओळींनंतर व्हीएफएस तेच लॉकच्या आत विचारत असे. या दोन तपासण्यांच्या मधल्या काळात दुसऱ्या थ्रेडने डिरेक्टरीच्या परवानग्या बदलल्या, तर पहिलीचे उत्तर शिळे होते आणि दुसरीचेच ग्राह्य ठरते. परवानग्या बदलल्या नाहीत, तर दोन्हींचे उत्तर एकच येते. दोन्ही शक्यतांत पहिली तपासणी निकालात भर घालत नाही, आणि ‘अनावश्यक तपासणी’ या शब्दाचा येथे अभिप्रेत असलेला नेमका अर्थ हाच आहे.

तरीही ती निरुपद्रवी म्हणून सोडून देता येत नाही, हे २०१६ मधील एका बदलावरून दिसते. ज्या डिरेक्टरीत लिहिण्याचा अधिकार नाही तेथे आधीच अस्तित्वात असलेल्या नावाची उपडिरेक्टरी तयार करण्याची मागणी आली, तर स्थानिक फाइल प्रणालीवर ‘नाव आधीच आहे’ असे उत्तर मिळते, कारण नाव शोधण्याचे काम आधी होते आणि लिहिण्याच्या अधिकाराचा प्रश्न नंतर येतो. एनएफएस सर्व्हर मात्र लिहिण्याचा अधिकार आरंभीच तपासत असल्यामुळे ‘परवानगी नाही’ असे उत्तर देत असे. एका ओळीत संपूर्ण मार्ग तयार करू पाहणारे प्रोग्राम पहिल्या उत्तरावर निर्धास्तपणे पुढच्या पायरीला जातात आणि दुसऱ्यावर हात टेकून थांबतात. त्यातही गंमतीचा नव्हे तर क्लेशाचा भाग असा की, ते नाव क्लायंटच्या स्वतःच्या स्मरणात असेल तर विनंती सर्व्हरपर्यंत न जाता योग्य उत्तर मिळे, आणि नसेल तर चुकीचे. एकाच यंत्रावर एकच आज्ञा सकाळी यशस्वी आणि संध्याकाळी अयशस्वी होण्याचे कारण शोधणाऱ्या व्यवस्थापकाची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करता येते. उपाय साधा होता : आरंभी फक्त डिरेक्टरीत शिरून नाव शोधण्याचा अधिकार तपासायचा, आणि लिहिण्याच्या अधिकाराचा प्रश्न नाव शोधून झाल्यानंतर विचारायचा. त्याच सुमारास त्याच फंक्शनमधून आणखी काही ओळी गळाल्या. दिलेल्या नावाची लांबी शून्य नाही ना, ही तपासणी नाव शोधणारे फंक्शन स्वतःच करीत होते, म्हणून सर्व्हरमधील तिची प्रत काढून टाकण्यात आली.

आता लॉककडे वळता येईल. येथे एफएच_लॉक आणि एफएच_अनलॉक या जोडीची कथा थोडी सावकाश सांगणे इष्ट आहे, कारण चांगल्या कारणाने आलेली एखादी सोय कालांतराने कोडचा अर्थ कसा झाकून टाकते, हे तिच्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीने दुर्बल साठा-सुसंगती नावाची तरतूद आणली. क्लायंट डिरेक्टरीतील मजकूर स्वतःच्या स्मृतीत साठवून ठेवतो. तेथे त्याने स्वतःच एक फाइल तयार केली, तर डिरेक्टरीची बदलाची वेळ पुढे सरकते आणि साठा शिळा झाल्याचा समज होतो. तो टाळण्यासाठी सर्व्हर उत्तरासोबत कामाआधीची आणि कामानंतरची अशी दोन्ही वेळची माहिती पाठवतो. कामाआधीची माहिती क्लायंटच्या साठ्याशी जुळली, तर मधल्या काळात दुसऱ्या कोणी काही बदलले नाही हे निश्चित होते आणि साठा टाकून द्यावा लागत नाही. ही खात्री देता येण्यासाठी दोन्ही नोंदी एकाच लॉकच्या आत घेतल्या पाहिजेत हे उघड आहे. म्हणून एफएच_लॉक हे फंक्शन डिरेक्टरीचा लॉक घेताना आधीची माहिती टिपून ठेवी, एफएच_अनलॉक नंतरची माहिती टिपून मग लॉक सोडी, आणि लॉक धरलेला आहे की नाही याची खूण हँडलच्या नोंदीतील एफएच_लॉक्ड या एका बिटात राही. भरीस भर म्हणून, हँडलचे काम संपले की त्याची आवराआवर करणारे फंक्शन ती खूण पाहून, राहिलेला लॉक आपोआप सोडून देई.

या शेवटच्या सोयीने घात केला. लॉक कोणीतरी शेवटी सोडेलच या भरवशावर मधली फंक्शने तो धरूनच परत येऊ लागली. फाइल तयार करणारे फंक्शन बहुतेक वेळा डिरेक्टरीचा लॉक न सोडता परते, तर प्रतीकात्मक दुवा तयार करणारे त्याचेच भावंड बहुतेक वेळा सोडून परते. दोन्हींचा उपयोग सारख्याच ठिकाणी, आणि वाचणाऱ्याला फरक कळण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे प्रत्येक फंक्शन शेवटपर्यंत वाचून काढणे. एफएच_लॉक दुसऱ्यांदा बोलावले गेले तर ते कर्नलच्या नोंदवहीत इशारा लिहून मुकाट्याने परत येई, म्हणजे दोनदा घेतलेला लॉक एकदाच घेतला जाई आणि कोणाची कोणती जबाबदारी हे आणखीच धूसर होई. लॉक कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे कोडच्या पानावर डोळ्यांना दिसले पाहिजे, ही अपेक्षा केवळ सौंदर्यदृष्टीची नाही. कोणती तपासणी लॉकच्या आत आहे आणि कोणती बाहेर हे त्यावाचून ठरवताच येत नाही.

नाव बदलण्याच्या फंक्शनमध्ये तर या सोयीची कसोटीच लागली. एका डिरेक्टरीतून दुसरीत फाइल हलवायची तर दोन्हींचा लॉक हवा. एक थ्रेड पहिलीचा लॉक घेऊन दुसरीच्या प्रतीक्षेत आणि त्याच वेळी दुसरा थ्रेड दुसरीचा लॉक घेऊन पहिलीच्या प्रतीक्षेत, अशी स्थिती आली की दोघेही कायमचे अडकतात. याला कोंडी म्हणतात, आणि तिच्यातून सुटका नसल्यामुळे ती मुळातच टाळावी लागते. व्हीएफएसजवळ यासाठी नाव बदलण्याकरिता खास फंक्शन आहे : ते आधी संपूर्ण फाइल प्रणालीपुरता नाव-बदलाचा एक म्युटेक्स घेते, दोघींपैकी एखादी दुसरीच्या पोटात आहे का ते पाहते, आणि पूर्वज असेल ती आधी या क्रमाने लॉक लावते. एफएच_लॉकला हा क्रम ठाऊक नव्हता. म्हणून सर्व्हरमधील फंक्शन व्हीएफएसचे फंक्शन बोलावून लॉक घेई, मग दोन्ही हँडलांतील एफएच_लॉक्डची खूण स्वतःच्या हाताने लावी, जेणेकरून माहिती टिपणाऱ्या फंक्शनांना लॉक रीतसर घेतला गेल्याचा विश्वास वाटावा. आणि शेवटी त्याच खुणा हाताने पुसून व्हीएफएसच्याच मार्गाने लॉक सोडी. हे चुकीचे नव्हते, चालतही होते, आणि तसे करण्याचे कारण कोडमध्ये टिपणाच्या रूपाने प्रामाणिकपणे लिहून ठेवलेलेही होते. परंतु जी खूण सत्य सांगण्यासाठी आहे तिलाच खोटे पाडून काम भागवावे लागते, तेव्हा रचनेतील दोन गोष्टी चुकीच्या गाठीने बांधल्या गेल्या आहेत असे समजावे. माहिती टिपणे आणि लॉक घेणे ही दोन कामे एकाच वेळी व्हायला हवीत, यावरून ती एकाच फंक्शनने करायला हवीत असे ठरत नाही.

ही गाठ २०२२ मध्ये सुटली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या ६.० या आवृत्तीत, नील ब्राउन यांनी लिहिलेल्या पॅचांच्या मालिकेने एफएच_लॉक, एफएच_अनलॉक आणि एफएच_लॉक्डची खूण ही तिन्ही काढून टाकली. त्यांच्या जागी कर्नलमध्ये इतरत्र वापरली जाणारी साधी लॉक-फंक्शने आली, आणि आधीची व नंतरची माहिती टिपण्याची फंक्शने त्या त्या ठिकाणी उघडपणे बोलावली जाऊ लागली. मालिकेचा क्रम अभ्यासण्याजोगा आहे : प्रथम प्रत्येक फंक्शनने परत येण्यापूर्वी आपला लॉक आपणच सोडावा अशी शिस्त एकेका पॅचने लावली गेली, मग जेथे लॉकची गरजच नव्हती तेथून तो काढला गेला, आणि सर्वांत शेवटी, ज्याला आता कोणी बोलावत नव्हते असे फंक्शन मिटवले गेले. प्रत्येक पायरीवर कोड चालता राहिला. या पद्धतीला कर्नलच्या कामात जे महत्त्व आहे ते पुढील प्रकरणांत वारंवार दिसेल.

लॉक लवकर सोडण्याचा लाभ किती ठोस असतो हे समजण्यास २०२१ मधील एक लहान बदल पुरेसा आहे. फाइल काढून टाकणे म्हणजे डिरेक्टरीतून तिचे नाव पुसणे. परंतु ते नाव शेवटचे असेल तर तिने व्यापलेले डिस्कवरील खंड मोकळे करण्याचे कामही त्यामागोमाग येते, आणि फाइल प्रचंड असेल तर त्याला बराच वेळ लागतो. सर्व्हरच्या कोडमध्ये हे सगळे डिरेक्टरीचा लॉक धरलेला असतानाच होई. म्हणजे एकाने एक अवाढव्य फाइल पुसली की त्याच डिरेक्टरीत काहीतरी करू पाहणारे बाकी सर्वजण खोळंबत. स्थानिक प्रोग्रामसाठीचा मार्ग आधीपासूनच शहाणा होता : तो फाइलच्या आयनोडचा एक जादा संदर्भ हाती ठेवतो, लॉकखाली फक्त नाव पुसतो, लॉक सोडतो आणि मग तो संदर्भ सोडून देतो, ज्यामुळे खंड मोकळे करण्याचे काम लॉकबाहेर पडते. सर्व्हरला तीच युक्ती शिकवण्यासाठी मोजक्या ओळी लागल्या. नाव पुसले गेल्यावर त्या खंडांशी डिरेक्टरीचा संबंध उरत नाही, हे ओळखणे एवढाच त्यातील अवघड भाग.

चौथ्या आवृत्तीचा सर्व्हर या बाबतीत अधिक मोठ्या ओझ्याखाली होता. त्या आवृत्तीने स्मृतिहीनता सोडली आणि कोणी कोणती फाइल उघडली, कोणाकडे कोणता फाइल-लॉक आहे, कोणत्या क्लायंटला कोणत्या फाइलची तात्पुरती मालकी दिली आहे या सर्वांच्या नोंदी सर्व्हरकडे आल्या. या सर्व नोंदींचे रक्षण दीर्घकाळ एकाच म्युटेक्सने होत असे. कितीही क्लायंट असोत, एका वेळी एकाचीच उघडण्याची किंवा मिटण्याची विनंती पुढे सरके, आणि उघडताना फाइल तयार करावी लागली तर डिस्कची प्रतीक्षाही त्याच म्युटेक्सखाली होई. शंभराहून अधिक पॅचांच्या मालिकेनंतर २०१४ मधील ३.१७ या आवृत्तीत तो गेला. त्या कामाचा मोठा भाग लॉक काढण्याचा नव्हता, तर त्या एका लॉकने नकळत सांभाळलेल्या असंख्य गृहीतकांचा शोध घेऊन प्रत्येकाला स्वतःचा संदर्भगणक किंवा स्वतःचा छोटा लॉक देण्याचा होता. संपूर्ण कर्नलचा जो एकच मोठा लॉक १९९६ पासून चालत आला होता, तो २०११ मध्ये २.६.३९ या आवृत्तीत संपला, तेव्हाही फाइल-लॉक आणि एनएलएम सांभाळणारा कोड त्याच्या शेवटच्या आश्रितांत होता, यावरून या क्षेत्राची चिकाटी लक्षात यावी.

येथवरच्या विवेचनावरून तपासण्या काढत जावे आणि लॉक आखडते घेत जावे एवढाच बोध घेतला गेला तर तो अपुरा आणि घातक ठरेल. २०१४ मध्ये ३.१४ या आवृत्तीत सर्व्हरचा एसीएल बसवण्याचा कोड सोपा करण्यात आला. एसीएल म्हणजे मालक, गट आणि इतर या तीन वर्गांपलीकडे जाऊन विशिष्ट व्यक्तींना विशिष्ट परवानग्या देणारी यादी. आधी सर्व्हर ही यादी विस्तारित गुणधर्माच्या रूपात बदलून त्या गुणधर्माच्या सर्वसाधारण मार्गाने पाठवीत असे. हे वळण लांबचे होते, आणि फाइल प्रणालीने एसीएल बसवण्यासाठी थेट फंक्शन दिलेले असताना निरर्थक वाटणारे होते. म्हणून सर्व्हर थेट त्या फंक्शनला बोलावू लागला. विनंती करणारा त्या फाइलचा मालक आहे का, हा प्रश्न मात्र त्या लांबच्या वळणावरच विचारला जात होता, आणि सर्व्हरच्या आरंभीच्या चौकशीत तो नव्हता. वळण गेले आणि प्रश्नही गेला. दोन वर्षांहून अधिक काळ क्लायंटवरील साध्या वापरकर्त्याला दुसऱ्याच्या फाइलची परवानगी-यादी बदलणे शक्य होते. २०१६ मध्ये हा दोष सीव्हीई-२०१६-१२३७ या क्रमांकाने नोंदला गेला आणि दुरुस्त झाला. दुरुस्ती करताना मालकीची तपासणी सर्व्हरमध्ये चिकटवण्याऐवजी एसीएल बसवणारे एक सामाईक फंक्शन तयार करून तपासणी त्याच्या आत ठेवण्यात आली, आणि जुना मार्ग व सर्व्हर दोघांनाही त्याच दरवाजातून यावे लागले. एखादी तपासणी अनावश्यक आहे असे म्हणणाऱ्याने तोच प्रश्न, त्याच ओळखीने, त्याच वस्तूविषयी दुसरीकडे कोठे विचारला जातो ती ओळ बोट ठेवून दाखवली पाहिजे. ती दाखवता येत नसेल, तर कोड कितीही लांबलचक वाटला तरी त्याला हात लावू नये.

उलट दिशेचा धोकाही आहे, आणि तो काही तपासण्यांच्या विचित्र दिसण्यातून येतो. सर्व्हरचे परवानगी-फंक्शन फाइलच्या मालकाला, फाइलवरील परवानग्या काहीही असल्या तरी, वाचू-लिहू देते. व्हीएफएसच्या नियमांशी हे विसंगत दिसते, आणि नीटनेटकेपणाची आवड असलेल्या वाचकाचा हात येथे शिवशिवतो. परंतु युनिक्समध्ये परवानगी फाइल उघडताना तपासली जाते, वाचताना-लिहिताना नाही. उघडी फाइल हाती असताना मालकाने स्वतःच्याच परवानग्या शून्य केल्या तरी त्याचे लिहिणे चालू राहते. स्मृतिहीन सर्व्हरला ‘उघडी’ म्हणजे काय हेच ठाऊक नसल्यामुळे, ही सवलत नसेल तर प्रत्येक लेखनाला नव्याने परवानगी तपासून तो मालकाला अडवील आणि चालता प्रोग्राम मोडील. त्याचप्रमाणे, फक्त चालवण्याची परवानगी असलेली फाइल सर्व्हर वाचू देतो, कारण क्लायंटच्या कर्नलला ती चालवायची तर आधी तिचे बाइट मागवावे लागतात, आणि ही मागणी वाचनाच्या विनंतीहून वेगळी ओळखता येत नाही. या दोन्ही सवलती नियमाचा भंग नाहीत. दोन यंत्रांमध्ये विभागल्या गेलेल्या एकाच नियमाची ती सर्व्हरकडची बाजू आहे, आणि तिची दुसरी बाजू क्लायंटने आपल्याकडे सांभाळायची असते.

कोणती तपासणी कोठे होते, या प्रश्नाला अलीकडे फंक्शनांच्या नावांद्वारेही उत्तर दिले जात आहे. डिरेक्टरीत एक नाव शोधून देणारे लुकअप_वन_लेन हे जुने फंक्शन व्हीएफएसमध्ये होते, आणि ते शोधण्यापूर्वी डिरेक्टरीत शिरण्याचा अधिकार तपासत असे. परंतु त्याला बोलावणाऱ्या अनेकांना, उदाहरणार्थ कर्नलनेच चालवलेल्या अंतर्गत फाइल प्रणालींना, ही तपासणी अर्थहीन होती, कारण त्यांच्यामागे परवानगी विचारावी असा कोणी वापरकर्ताच नव्हता. २०२५ मध्ये या कुटुंबाचे नाव बदलून, परवानगी तपासत नाही हे नावातच सांगणारे लुकअप_नोपर्म असे झाले आणि तपासणी काढली गेली. एनएफएस सर्व्हरसारख्या, खरा वापरकर्ता मागे असलेल्या कोडला मात्र तपासणी करणाऱ्या लुकअप_वन या फंक्शनकडे वळवण्यात आले. आता कोड वाचणाऱ्याला फंक्शनच्या आत न शिरता, बोलावण्याच्या ओळीवरूनच, येथे चौकशी होते की नाही हे कळते.

पुढील प्रकरणे याच क्रमाने रचलेली आहेत : आधी हँडलपासून आयनोडपर्यंतचा प्रवास, मग डिरेक्टरीवरील लॉक, त्यानंतर परवानगी, आणि शेवटी चौथ्या आवृत्तीच्या नोंदी. वाचताना कर्नलच्या मूळ कोडमधील दोन फाइली शेजारी उघड्या ठेवाव्यात, एक सर्व्हरच्या विभागातील व्हीएफएस.सी आणि दुसरी सामाईक विभागातील नेमआय.सी, आणि प्रारंभी रिकामी डिरेक्टरी काढून टाकण्याचे एकच काम निवडून, स्थानिक प्रोग्रामकडून आलेली मागणी आणि क्लायंटकडून आलेली विनंती या दोन्ही वाटा पेन्सिलीने कागदावर उतरवाव्यात. प्रत्येक ओळीसमोर त्या क्षणी कोणता लॉक हातात आहे आणि थ्रेडने कोणाची ओळख धारण केली आहे हे लिहीत गेले की दोन वाटा कोठे एक होतात ते दिसू लागते, आणि त्या संगमाच्या अलीकडे सर्व्हरने केलेली कोणती चौकशी त्याची स्वतःची आहे व कोणती उसनी, हा प्रश्न पहिल्या प्रकरणापासूनच हाती येतो.